चांगुणाबाईंचं दूध

१६ जानेवारी १९९४, रविवार. कुळगाव, बदलापूर

नवे घर, नवी नोकरी, म्हणून वहीसुद्धा नवी काढली. इचलकरंजीहून सामानाचा टेम्पो सकाळी पोचला. एकच कप फुटला, तोही शालनच्या हातून, टेम्पोवाल्याच्या नव्हे. घर दोन खोल्यांचे. मागे पडवी, पडवीला लागून शेवगा. घरमालक म्हणतात भिंतींना पोपटी रंग दिला आहे. तो पोपटी नाही. कैरी सोलल्यावर सालीखाली जो पांढुरका हिरवा दिसतो, तो आहे. मी रंगकामातला माणूस, त्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही म्हणाल तो रंग, फक्त खिळे ठोकू नका. तरी दोन ठोकावे लागले. एकावर बुद्धांची तसबीर, दुसऱ्यावर बाबासाहेब.

दुपारी चामटोलीहून कोंडाजी आला, सायकलला वालाच्या शेंगांची पिशवी अडकवून. हे घर त्यानेच शोधले. शालनला म्हणाला, वहिनी, ह्यानं लहानपणी माझ्या वाटणीचं पिऊन घेतलंय, शेंगा तरी मोजून वाढा त्याला. शालन इतकी हसली की पदर तोंडाला लावून आत गेली.

ते खरेच आहे आणि लिहून ठेवण्यासारखे आहे. मला जन्म देऊन आई तापाने गेली. गावात त्याच सुमारास कोंडाजी झालेला. त्याची आई चांगुणाबाई, मराठ्यांच्या घरातली. आम्ही तेव्हा महारवाड्यातले. माझी आत्या त्यांच्या शेतात खुरपायला जायची आणि मला पाटीत घालून न्यायची. चांगुणाबाई बांधाआड बसून एका बाजूला कोंडाजीला, दुसऱ्या बाजूला मला घ्यायची. सासूला कळले तेव्हा घरात मोठे महाभारत झाले. पोर भुकेलं होतं, एवढेच तिचे उत्तर. तिने वर्षभर मला पाजले. गाव सुटले, धर्म बदलला, कोंडाजीचे आणि माझे सुटले नाही.

एक गोष्ट खटकली. उन्हातून सायकल मारत आला, तरी त्याने शर्टाच्या गळ्याचे बटण सोडले नाही.

२५ जानेवारी, मंगळवार

कॅम्प तीनमध्ये, सिंधी वस्तीत, कामावर रुजू झालो. जीन्स धुण्याचा आणि रंगवण्याचा कारखाना, मालक लछमनदास सेठ. आल्या आल्या त्यांनी एका फाटक्या पँटचा तुकडा माझ्यापुढे टाकला आणि हा शेड काढून दाखवा म्हणाले. आधीच्या मास्टरला महिनाभर जमला नव्हता. मी तुकडा दारात नेला, सावलीत धरला, उन्हात धरला. निळ्यात किंचित करडा आणि अगदी नखभर हिरवा होता. संध्याकाळी नमुना वाळवून पुढे ठेवला. सेठ म्हणाले, साईं, ये तो आपने फोटो निकाल दिया.

माझे शिक्षण सातवी. बाकी सर्व मी स्वतः शिकलो. रंगांचे रसायन कंपन्यांच्या माहितीपत्रकांवरून, शेजारी इंग्रजी डिक्शनरी ठेवून. डिप्लोमावाल्यांच्या हाताखाली मी राहिलो नाही. ते माझ्या डोळ्याखाली राहिले.

६ फेब्रुवारी, रविवार

चामटोलीला गेलो. कोंडाजीची बायको विठा दारातच भेटली आणि हळू आवाजात म्हणाली, भावजी, ह्यांचं अंग तुम्हीच बघा एकदा, मला दाखवतात पण डॉक्टरला दाखवत नाहीत. त्यांना मूल नाही. घरात ती दोघेच.

कोंडाजीने पाठ करून शर्ट काढला.

पाठीवर, कमरेच्या दोन्ही बाजूंना चट्टे. आकार लांबट, कडा नकाशातल्या बेटासारख्या. रंग लाल नव्हे. कोकमाचे साल वाळत आल्यावर जो होतो तो, मधोमध थोडा तपकिरी. वरून भुसा सुटावा तसा कोंडा. खांद्याजवळ दोन गाठी, बोराएवढ्या, गुळगुळीत, चकाकणाऱ्या. दुखत नाही म्हणाला, पण खाज रात्रभर.

मी निदान केले. शेतालगतच्या ओढ्यात वरून कारखान्यांचे पाणी येते. त्याच पाण्यात तो उघडा उभा राहून भाताची लावणी करतो, बैल धुतो. रसायनाची खाज मी जन्मभर पाहिली आहे. त्याला सांगितले, ओढ्यात उतरायचे नाही, बोरिक पावडर खोबरेल तेलातून लावायची. तो म्हणाला, तू म्हणतोस तसं. त्याचा माझ्या शब्दावर नेहमीच विश्वास.

२० मार्च, रविवार

कोंडाजी ओढ्यात उतरत नाही, तरी चट्टे वाढले. आता गालांवर आणि कपाळावरही कातडी जाड झाली आहे. भुवया गळाल्या. चेहरा ओळखीचाच, पण कोणी वरून मातीचा एक थर दिल्यासारखा. गावात महारोग म्हणू लागले. पिठाच्या गिरणीत त्याचे दळण शेवटी घेतात. विठा सांगताना रडली नाही, पण डबा खाली ठेवला तो उचलायचे विसरली.

मी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. टाचणी टोचून पाहिली, प्रत्येक ठिकाणी त्याला कळले. महारोग नाही, असे लिहून दिले. मी तो कागद गिरणीवाल्याला वाचून दाखवला, सावकाश, दोनदा. कसला रोग ते मात्र दवाखान्यात कोणी सांगितले नाही. मलम दिले.

परत येताना रिक्षात कोंडाजी म्हणाला, शिवा, आईलाबी शेवटी असंच झालं होतं अंगावर. मी म्हणालो, म्हातारपणी कातडी कोरडी होतेच.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. विशाखा आणि जावई कल्याणहून आले. विशाखा आमची एकुलती एक. तिला दिवस राहिले आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे भाद्रपदात ती इथे येणार. शालन आत्तापासून जुनी मऊ लुगडी फाडून ठेवते आहे. मी म्हटले, सप्टेंबर लांब आहे. ती म्हणाली, तुमचे रंग दोन दिवसांत वाळतात, लुगडी मऊ व्हायला वर्षे लागतात.

कोंडाजी मिरवणूक बघायला आला, पण पडवीतच बसला, लोकांकडे पाठ करून. विशाखाने त्याच्या पाया पडायला हात पुढे केले तर त्याने पाय आत घेतले.

आज अंघोळीच्या वेळी माझ्या डाव्या कुशीवर एक डाग दिसला. रुपयाएवढा. कामावरचा असेल. ब्लीचच्या हौदावर मी हातमोजे घालतो, पण पोटाशी शर्ट भिजतो.

२२ मे, रविवार

डाग रंगाचा नाही. साबण, लिंबू, रॉकेल, शेवटी कारखान्यातले रंग उतरवायचे पाणी पातळ करून लावले. रंग असता तर उतरला असता. सालट निघाले, खाली तोच.

आता कुशीत तीन आहेत, मांडीवर एक. कोकमाचे साल.

शालनला दाखवले नाही.

१९ जून, रविवार

विठाने निरोप पाठवला म्हणून चामटोलीला गेलो. कोंडाजी खाटेवर. काखेत, मानेत, जांघेत लिंबाएवढ्या गाठी. पाठीवरच्या काही गाठी फुटून चिघळल्या आहेत. त्याला भयंकर तहान. विठा तांब्यामागून तांब्या देते, तो पितो आणि पुन्हा मागतो. मधूनच भलतेच बोलतो. मला त्याने दोनदा आपला बैल समजून बैलाच्या नावाने हाक मारली.

मग एकदम त्याची नजर स्वच्छ झाली. माझा शर्ट वर सरकला होता. त्याने कुशीवर बोट ठेवले. ते बोट लाकडासारखे लागले.

"शिवा, हे माझंच आहे ना रं?"

मी म्हणालो, कामावरचं आहे, ब्लीचचं. तो हसला. इतक्या जाड चेहऱ्यातून हसू बाहेर यायला वेळ लागला.

२३ जून

कोंडाजी गेला. खांदा द्यायला गावातले कोणी मिळेना. शेवटी विठाचा भाऊ, मी, आणि माझ्या कारखान्यातले दोन कामगार. एक सिंधी, एक उत्तर प्रदेशचा. गावातले लोक आंब्याखाली लांब उभे होते.

माझा भाऊच होता. रक्ताचा नव्हे.

१७ जुलै, रविवार

या आठवड्यात अंबरनाथच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वय विशाखाएवढे. मी माझे निदान सांगितले, रसायनांची नावे सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि सगळे कपडे काढायला सांगितले. चट्ट्यांची चित्रे काढली. गळ्यात गाठी चाचपल्या. मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. त्यांचे गुरू तिथे आहेत.

तिथे कातडीचा तुकडा काढला. रक्त काढले. एका तरुण डॉक्टरने मला सूक्ष्मदर्शकात बघू दिले, कारण मी विचारले, रंग कुठला वापरता. त्याला हसू आले. रक्तसुद्धा रंगवूनच बघावे लागते.

मी पाहिले. पेशीच्या मधला भाग गोल असायला हवा, तो पाकळ्या पाकळ्यांचा होता. जांभळे फूल. एक, मग दुसरे, मग सगळीकडे. मी म्हणालो, छान उठला आहे रंग. त्याने काचपट्टी काढून घेतली. त्यावरून मला समजले.

९ ऑगस्ट, मंगळवार

आज डॉक्टरीणबाईंनी पक्के निदान सांगितले. जसे समजले तसे लिहितो.

रक्ताचा कर्करोग. तो रक्तातून कातडीत उतरतो, म्हणून चट्टे, गाठी, जाड कातडी. त्याचे मूळ एक विषाणू. एड्सचा नव्हे, पण त्याच्या भाऊबंदांपैकी. शरीरात शिरला की चाळीस-पन्नास वर्षे काही करत नाही. बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. काहींना होते. जपानात ह्यावर बराच अभ्यास झाला आहे, आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

घरात आणखी कोणाला, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, घरात नाही, पण एका मित्राला हुबेहूब असेच होते. नात्यातला का? नाही. आमची जातसुद्धा एक नव्हती. रक्त दिले-घेतले होते का? नाही. त्या पेन्सिल हातात धरून बसल्या. मग विचारले,

"लहानपणी तुम्ही दूध कोणाचं प्यालात?"

मी चांगुणाबाईचे नाव घेतले. खिडकीबाहेर कोणीतरी लाल लोकर वाळत घातली होती.

चांगुणाबाईला ठाऊक असणे शक्य नव्हते. तिने दोन मुलांना जगवले. हे मी सगळ्यात आधी लिहितो आहे, बाकी सर्व त्याच्या नंतर.

बाईंनी पुढचे सांगितले ते मी ऐकले नाही असे झाले असते तर बरे. नवऱ्याकडून तो बायकोला जाऊ शकतो. आईकडून मुलाला, तो दुधातून. म्हणजे माझ्यामुळे शालनला असेल. शालनने विशाखाला दोन वर्षे पाजले. विशाखाला असेल. असेलच असे नाही; रक्त तपासल्याशिवाय नक्की नाही. दोघींना घेऊन या म्हणाल्या. आणि मुलगी बाळंत झाली तर तपासणी होईपर्यंत तिने बाळाला अंगावर पाजू नये. वरचे दूध द्यावे. जितके जास्त महिने पाजणे, तितका धोका जास्त. इथे तो थांबवता येतो, तुमच्या हातात आहे, असे त्या म्हणाल्या.

मला लगेच दाखल व्हायला सांगितले. बाळंतपण होऊ दे म्हणालो.

१४ ऑगस्ट

सांगणार होतो. शालन विशाखासाठी मेथीचे लाडू वळत होती. आज नको.

उद्या सुट्टी आहे. उद्या.

२१ ऑगस्ट

सांगायचे कसे. नवऱ्याकडून बायकोला जाणारा रक्तातला विषाणू. शालनला समजेल का मी काय समजावतो ते? शेजारपाजारचे एकच नाव घेतील, एड्स. जावयाच्या घरी कळले तर विशाखाला परत घेतील का? दळण शेवटी घेतील तिचे. तिच्या बाळाचे.

आज कामावर सेठनी माझे तळहात पाहिले. कातडी जाड होऊन भेगा पडल्या आहेत. चहा त्यांनी टेबलावर ठेवून पुढे सरकवला, हातात दिला नाही. मास्टरजी, आराम करो, म्हणाले. आवाज चांगला होता.

३० ऑगस्ट

विशाखा आली. पोट खाली उतरले आहे. ती माझा चेहरा बघून थबकली, मग म्हणाली, बाबा, तुम्ही काकांसारखे दिसायला लागलात. शालनने तिला दटावले. आरशात पाहिले. खरे आहे. तोच थर. भुवया नाहीत.

अंगावर हात फिरवला की हाताला कोंडाजी लागतो.

११ सप्टेंबर

तहान. कळशी उशाशी ठेवून घेतली आहे.

आज एक नमुना बिघडला. हिरवा जास्त पडला. माझ्या हातून कधी नाही. सेठनी कामावरच्या पोराला खूण केली. पोराने नमुना उचलून नेला.

दाखल व्हायचे — बाळंतपण झाल्यावर. आधी सांगायचे. आधी ते.

१८ सप्टेंबर

कामावर जात नाही. दिवसा झोप येते. शालन अंगाला तेल लावते.  ती प्रत्येक गाठीवरून हलक्या हाताने जाते, जणू बाळाचे डोके. तिला विचारावेसे वाटते, तुझ्या अंगावर आहे का कुठे. मी बघतो, ती वाकते तेव्हा मान बघतो, दंड बघतो. अजून नाही.

अजून.

२५ सप्टेंबर

सांगितले.

शालन पडवीत दुपटी वाळत घालत होती. मी सर्व सांगितले. चांगुणाबाई, कोंडाजी, मी, ती, विशाखा, बाळ. क्रमाने, काही न गाळता. ती ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, पाणी आणू का.

शालन मनाने मोठी आहे. आज हलके वाटते.

२ ऑक्टोबर

मुलगी झाली. घरापासून दोन गल्ल्यांवरच्या सूतिकागृहात, सकाळी. मला नेले नाही. शालन सांगत होती, केस भरपूर, रंग अजून कळत नाही. बाळांचा रंग मागाहून येतो.

वरचे दूध आणले का विचारायचे होते. झोप लागली.

५ ऑक्टोबर

विशाखा घरी आली. आतल्या खोलीत पडदा लावला आहे. पडद्याखालून तिचे पाय दिसतात.

बाळ रडते. मग रडायचे थांबते. मग चुटचुट आवाज —

मी उठलो. पडदा सारला. विशाखाने पदर ओढून घेतला. पदराखाली बाळ.

मी शालनकडे बघितले. तिला म्हणालो, सांगितले होते ना. तिला म्हणालो, मग हे काय. ती घाबरली. तिने मला खाली बसवले, डोके छातीशी धरले.

"अहो, काय सांगितलं होतं? त्या दिवशी पडवीत तुम्ही माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवत होता. आवाजच नव्हता. म्हणून तर विचारलं, पाणी आणू का."

६

आज सांगायचेच. बोलून बघितले. तोंडात जो शब्द हवा तो नाही. जागा आहे, शब्द नाही. मी म्हणालो, रंग. रंग देऊ नका तिला.

विशाखा म्हणाली, बाबा, कसला रंग. हसली बिचारी. मग रडली. शालन म्हणाली, ताप आहे, बडबडतात, तू पाज तिला.

मी तिचा हात धरला. पदर ओढला. बाळ बघायला आलेला जावई मध्ये आला. मला उचलून बाहेर आणले. पडवीत. हळूच. अंगाला हात लावताना त्याने टॉवेल घेतला होता.

७ —

तहान. शेंगा खिडकीत. हिरव्या. कुठला हिरवा

लिहिता येते अजून. बोलता येत नाही पण हात —

शालन हे वाचेल. ती जुळवून वाचते, वेळ लागतो तिला. मागची पाने फार आहेत. तेवढा वेळ — आत पुन्हा रडते आहे.

८

शालन

हे पान मी तुझ्यासाठी लिहितो. वही उघडी उशाशी ठेवतो. अक्षर वाकडे आहे, माफ कर. माझ्यामुळे तुला काही असेल तर — ते नंतर. अंबरनाथच्या बाईंकडे जा, तुम्ही दोघी, त्यांना ठाऊक आहे. ते पण नंतर.

आत पोर थांबली रडायची. का थांबली. आता थांबली.

क्रम नको. नेमके नको. एवढेच वाच, बाकी नाही वाचलेस तरी चालेल. विशाखाला म्हणावे, बाबांनी सांगितले आहे, आजपासून बाळाला